रिॲक्टचा नवा प्रोजेक्ट? वीट रचा

रिॲक्ट म्हणजे वेबसाइटचा दर्शनी भाग बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी. तिचा नवा प्रोजेक्ट उभा करताना 'क्रिएट रिॲक्ट ॲप' या जुन्या साधनाच्या नादी लागू नका. रिॲक्टवाल्यांनीच फेब्रुवारी २०२५ मध्ये ते मोडीत काढलं. त्याच कामासाठी 'वीट' (Vite) घ्या. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ झटपट, आपल्याकडे भिंतीची वीट, दोन्ही चालतात. टर्मिनलमध्ये 'एनपीएम क्रिएट वीट' (npm create vite; एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टची तयार पॅकेजं उतरवणारं साधन), यादीतून रिॲक्ट, मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'एनपीएम इन्स्टॉल'. हे घरच्या वायफायवरच उरका. मी ठाणे-वाशी लोकलमध्ये हॉटस्पॉटवर करायला गेलो. ऐरोली गेलं, तुर्भे गेलं, पॅकेजं उतरतच होती!

'एनपीएम रन डेव्ह' दिल्यावर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ५१७३ (localhost:5173) उघडा. नमुन्यातलं आकडा वाढवणारं बटण लगेच पुसू नका. त्याच्या 'स्टेट'सकट, म्हणजे लक्षात ठेवलेल्या आकड्यासकट, वेगळा कंपोनंट (पानाचा सुटा तुकडा) करा आणि पानावर दोनदा ठेवा. एक दाबलं तरी दुसऱ्याचा आकडा हलत नाही. उतरवलेल्या पॅकेजांचं नोड मॉड्यूल्स फोल्डर गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) नको, पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी पॅकेज-लॉक फाइल मात्र हवीच.