डोळ्यांतून सतत पाणी येते? अश्रूमार्गाच्या बाबतीत या चुका टाळा

डोळ्यांतून पाणी गळणे हा फारसा गंभीर विकार मानला जात नाही आणि म्हणूनच त्याच्या उपचारात त्याच त्या चुका वर्षानुवर्षे होत राहतात. त्यांतल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे: पाणी का ओघळते आहे, हे ठरवण्याआधीच उपचार सुरू केला जातो. अश्रू जास्त तयार होत असतील, ते पुढे ढकलणारी पापणी सैल झाली असेल किंवा त्यांची वाट कुठेतरी बंद झाली असेल, तर तिन्ही वेळा गालावर पाणीच दिसते. उपचार मात्र तिन्हींचे पूर्णपणे वेगळे आहेत.

ही वाट कशी आहे, ते आधी पाहू. आरशासमोर उभे राहून खालची पापणी नाकाच्या बाजूला हलकेच बाहेर वळवली, तर तिच्या कडेवर एक लहानसा उंचवटा आणि त्याच्या माथ्यावर सुमारे ०.३ मिलिमीटरचे छिद्र दिसते. असेच छिद्र वरच्या पापणीलाही असते. तिथून निघालेली बारीक नळी सुमारे २ मिलिमीटर उभी जाते, मग वळून साधारण ८ मिलिमीटर आडवी जाते आणि बहुतेकांमध्ये वरची व खालची नळी एकत्र येऊन अश्रुपिशवीत शिरते. नाकाच्या बाजूच्या हाडाच्या खोबणीत बसलेल्या या पिशवीतून पुढची नळी हाडातून खाली उतरते आणि नाकाच्या आत उघडते. डोळ्यात औषध टाकल्यावर थोड्या वेळाने घशात कडू चव येते, ती याच मार्गाने. अश्रू या वाटेने आपोआप घरंगळत जातात असे नाही. पापणीची प्रत्येक उघडझाप त्यांना पुढे ढकलते. त्यामुळे पापणीचा स्नायू दुबळा झाला, तर वाट मोकळी असूनही पाणी बाहेर येते.

थेंबांवर थेंब बदलत राहणे

डोळा पाणावला आणि सकाळी थोडी चिपडे दिसली, की प्रतिजैविकाचे थेंब आणले जातात. चार दिवस बरे वाटते, थेंब थांबले की पुन्हा तेच सुरू होते आणि मग दुसऱ्या नावाची बाटली येते. नळीचे खालचे टोक बंद असेल, तर पिशवीत साचलेल्या अश्रूंमध्ये जंतू वाढत राहणारच. थेंबांनी जंतू कमी होतात, पण अडथळा जिथल्या तिथे असतो. या जुनाट आजाराला आपल्याकडे लासरू म्हणतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली दाबले असता छिद्रातून चिकट स्राव किंवा पू उलटा येणे, ही त्याची ठळक खूण आहे. स्वतःच्या मनाने स्टेरॉइडयुक्त थेंब वापरणे तर त्याहून घातक, कारण ते दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो.

अडथळा कुठे आहे, हे साध्या तपासणीत कळते. छिद्रातून बोथट सुईने सलाइन सोडतात. याला सिरिंजिंग म्हणतात. पाणी घशात उतरले तर वाट मोकळी आहे. ते वरच्या छिद्रातून उलटे आले तर अडथळा बहुधा पिशवीच्या आसपास किंवा त्याखाली आहे, आणि ज्या छिद्रातून सोडले तिथूनच परत आले तर तो सुरुवातीच्या बारीक नळीत आहे. प्रौढांमध्ये ही मुख्यतः तपासणी आहे. पुन्हा पुन्हा सिरिंजिंग करून पूर्ण बंद झालेली नळी उघडेल, ही आशा सहसा फोल ठरते.

वाहणारा डोळा कोरडा असू शकतो, हे न मानणे

ही गोष्ट रुग्णांना पटवणे सर्वांत कठीण जाते. अश्रूंचा थर नीट टिकत नसेल तर बुबुळाचा पृष्ठभाग चुरचुरतो आणि त्या चुरचुरीला प्रतिसाद म्हणून अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. वाऱ्यात, वाचताना किंवा पडद्याकडे टक लावून पाहताना पाणी वाढत असेल, तर कोरडेपणाचा विचार आधी करावा. अशा डोळ्याला शस्त्रक्रियेची नव्हे, तर कृत्रिम अश्रूंची आणि पापण्यांच्या कडांच्या निगेची गरज असते.

डोळे पुसण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. खालची पापणी खाली आणि बाहेर ओढत दिवसभर पुसत राहिल्याने, विशेषतः वाढत्या वयात, ती सैल होऊन छिद्र डोळ्यापासून दूर जाते आणि पाणी आणखी वाढते. स्वच्छ रुमालाने, पापणी न ओढता, नाकाच्या दिशेने हलकेच टिपावे.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत घाई आणि ढिलाई

अनेक नवजात बाळांमध्ये नळीच्या नाकाकडील तोंडाशी असलेला पातळ पडदा जन्मापर्यंत उघडलेला नसतो. डोळा ओला राहतो आणि झोपेतून उठल्यावर पापण्या चिकटतात, पण डोळ्याचा पांढरा भाग लाल नसतो. यांतील सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो पहिल्या वर्षभरात आपोआप उघडतो. मालिशीने त्याला मदत होते, मात्र ती बहुतेकदा चुकीची केली जाते: पापणीवरून किंवा नाकाच्या हाडावरून नुसते बोट फिरवले जाते. योग्य पद्धत अशी की हात धुऊन, नख कापलेले बोट डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, नाकाच्या अगदी लगत टेकवावे, म्हणजे वर परतीची वाट बंद होते. मग बेताचा पण ठाम दाब देत बोट सरळ खाली आणावे, जेणेकरून पिशवीतील द्रवाचा दाब पडद्यावर पडेल. एका वेळी पाच ते दहा वेळा आणि दिवसातून तीन-चार वेळा हे करावे. पहिल्यांदा डॉक्टरांसमोर करून दाखवून खात्री करून घ्यावी. साधारण वर्षभरानंतरही पाणी थांबले नाही, तर बारीक सळईने वाट उघडण्याचा, म्हणजे प्रोबिंगचा, विचार होतो. तो निर्णय वर्षानुवर्षे लांबवू नये. बाळाच्या डोळ्यात घरगुती द्रव मात्र कोणतेही घालू नये.

काही लक्षणांत थांबणे धोक्याचे आहे. बाळ उजेड सहन करू शकत नसेल, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो आणि त्यातही डोळा पाणावतोच. जन्मानंतर लगेच डोळ्याच्या कोपऱ्याखाली निळसर फुगवटा दिसला आणि बाळाला श्वास घेताना त्रास होत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे.

सुजलेली पिशवी दाबणे

आतल्या कोपऱ्याखाली अचानक लाल, गरम आणि अतिशय दुखरी सूज आली, तर ती अश्रुपिशवीच्या तीव्र संसर्गाची खूण असते. ती पिळून पू काढण्याचा प्रयत्न करू नये. संसर्ग आजूबाजूला पसरू शकतो. या अवस्थेत सिरिंजिंगही टाळतात. तातडीने डॉक्टरांकडे जाऊन पोटातून प्रतिजैविक घ्यावे लागते, आणि ताप, अंधुक दिसणे किंवा डोळा हलवताना वेदना असल्यास रुग्णालयातच जावे. सूज ओसरली म्हणजे आजार संपला, असे समजणे ही पुढची चूक, कारण नळी बंदच असते आणि सूज पुन्हा येते. कोपऱ्यातील गाठ वरच्या दिशेने वाढत असेल किंवा अश्रूंत रक्त येत असेल, तर गाठीच्या इतर कारणांचा शोध घेणे आवश्यक ठरते.

शस्त्रक्रिया टाळत राहणे

प्रौढांमध्ये बंद नळीवरचा खरा उपाय म्हणजे डीसीआर. पिशवी आणि नाक यांच्यामधले थोडे हाड काढून अश्रूंना थेट नाकात जाण्याची नवी वाट करून देतात. इटलीच्या अडेओ टोटी यांनी १९०४ मध्ये ही पद्धत मांडली. आज ती दुर्बिणीने नाकातूनही करतात आणि तेव्हा चेहऱ्यावर व्रण राहत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर पाणी गळण्याची तक्रार आधीच सांगावी. पिशवीतले जंतू शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्याच्या आत गेले तर दृष्टी जाण्याइतका संसर्ग होऊ शकतो, म्हणून लासरूचा उपचार आधी आणि मोतीबिंदूचा नंतर, हा क्रम मोडू नये.

डीसीआरनंतर नाक जोरात शिंकरणे, ही सर्रास होणारी चूक आहे. त्याने रक्तस्राव होतो आणि पापणीखाली हवाही भरू शकते. शिंक आल्यास तोंड उघडे ठेवून ती येऊ द्यावी, दाबू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तसे शस्त्रक्रियेआधी सांगावे, स्वतःहून बंद करू नये. नवी वाट उघडी राहावी म्हणून सिलिकॉनची बारीक नळी घातलेली असल्यास कोपऱ्यात तिचे टोक दिसते. ते ओढू नये आणि तिचा वळसा बाहेर आला तर कापून टाकण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावा.