आधी टायर, मग रिम : वेगवान गाडीला पकड कशी मिळवून द्यावी

नवी, जरा तिखट गाडी घरी आली की पहिल्या महिन्यात मालक अलॉयच्या दुकानात दिसतो. काळ्या रंगाच्या १८ इंची रिम पसंत होतात, सौदा ठरतो आणि मग उरलेल्या पैशांत जे बसतील ते टायर चढतात. गाडी देखणी होते आणि वळणावर पूर्वीपेक्षा वाईट वागायला लागते. हा क्रम उलटा करायचा, एवढंच या लेखाचं म्हणणं. पकड रबर देतं. ते रबर रस्त्यावर सपाट टेकून राहावं एवढी सोय रिम करते.

पटत नसेल तर टोयोटाची जीटी८६ आठवा. २०१२ साली ही मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार आली तेव्हा कंपनीने तिला मुद्दाम मिशेलिनचे प्रायमसी एचपी टायर दिले होते. हेच टायर प्रियससारख्या इंधन वाचवणाऱ्या हायब्रिडवरही बसत. पकड कमी राहिली की शेपूट कमी वेगातच सुटते आणि चालवणाऱ्याला मजा येते, हा त्यामागचा हिशेब. अनेक मालकांनी फक्त टायर बदलले आणि त्यांना वेगळीच गाडी मिळाली. इंजिन, सस्पेन्शन, रिम सगळं तेच होतं.

१. गाडी नेमकी कुठे घसरते ते बघा

दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबताच पुढची चाकं नुसती फिरतात का? ताम्हिणीच्या ओल्या वळणावर नाक बाहेर पळतं का? की ब्रेक मारल्यावर एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) फार लवकर थडथडायला लागतं? तिन्ही दुखणी वेगळी आहेत, आणि बऱ्याचदा औषध फुकट असतं.

आधी हवा तपासा. कंपनीने सांगितलेला दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. तो थंड टायरचा आकडा आहे, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असतानाचा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआय चढतो. त्यामुळे मे महिन्यात भर दुपारी पंपावर जाऊन "जास्त झाली, काढा" म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कमी हवेवर फिरत असतो. उलट, ॲव्हरेज वाढावं म्हणून ४० पीएसआय भरणारेही आहेत. त्यांचा टायर मधल्या पट्ट्यावरच चालतो आणि कडा नुसत्या शोभेला राहतात.

मग टायरचं वय. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूवर, डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आहे पण टायर सात-आठ वर्षांचा आहे, अशा गाड्या आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये ढिगाने सापडतील. ते रबर कडक झालेलं असतं. दिसायला नवं, पकडीला लाकूड.

व्हील अलाइनमेंट आणि शॉकॲब्सॉर्बर बघून घ्या. टायर एका कडेने झिजला असेल तर अलाइनमेंट केल्याशिवाय नवा चढवू नका, तोही तसाच झिजेल.

२. रबर निवडा

इथे घाई करू नका, कारण निम्म्याहून जास्त निकाल इथेच लागतो.

ढोबळ तीन घराणी आहेत. शांत, टिकाऊ, लांबच्या प्रवासाचे टूरिंग टायर. वेगवान गाड्यांसाठीचे मऊ रबराचे परफॉर्मन्स समर टायर. आणि ट्रॅकवर पळवण्यासाठीचे, जेमतेम नक्षी असलेले टायर. नावातल्या 'समर'ला फसू नका. हा टायर उन्हाळ्यापुरता नसतो. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की त्याचं रबर ताठरतं, एवढाच त्याचा अर्थ. थंडीतली एखादी पहाट सोडली तर महाराष्ट्रात हा प्रश्न सहसा येत नाही. जर्मनीत किंवा कॅनडात राहून हे वाचत असाल तर हिवाळ्याचा वेगळा संच ठेवणं आलंच. जर्मनीत बर्फ-गारठ्याच्या रस्त्यावर डोंगर आणि हिमकणाची खूण असलेला टायर कायद्यानेच लागतो.

रबर किती मऊ आहे याचा अंदाज साइडवॉलवरच्या ट्रेडवेअर आकड्यावरून येतो. ही मूळ अमेरिकी मोजणी. आकडा जितका मोठा, तितका टायर जास्त टिकणारा, म्हणजे सहसा रबर कडक. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट कप २ चा आकडा १८० आहे, तर रोजच्या रस्त्यावरही चालणाऱ्या पायलट स्पोर्ट ४एस चा ३००. मात्र ही चाचणी प्रत्येक कंपनी आपली आपण करते, म्हणून एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३०० शेजारी ठेवून सौदा करू नका. एकाच कंपनीचे दोन टायर तोलायला तो चांगला. त्याच्याशेजारी एए, ए, बी असं ट्रॅक्शनचं अक्षर असतं. ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारताना मिळणाऱ्या पकडीचं आहे. वळणाबद्दल ते अवाक्षर काढत नाही.

आता पाऊस. आपल्याकडे वर्षातले चार महिने पावसाचे, आणि स्पोर्टी गाडीवाल्यांच्या आवडीचे सगळे घाट नेमके सह्याद्रीत. म्हणून ट्रॅकचा टायर रस्त्यावर वापरायचा मोह टाळा. कोरड्यात तो चिकटपट्टीसारखा असेल, पण चर उथळ असल्यामुळे साचलेलं पाणी बाहेर फेकायला त्याला जागाच नाही. पाणी फेकलं गेलं नाही की टायर त्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हातात हलकं होतं. तो हलकेपणा एकदा अनुभवला की माणूस विसरत नाही.

नासाने १९६०च्या दशकात विमानाच्या टायरवर याचा अभ्यास केला. तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी बांधलेला असतो, असं त्यातून निघालं. त्या सूत्राने ३२ पीएसआयला सुमारे ९४ किमी प्रतितास येतात आणि २५ पीएसआयला ८३. मोटारीच्या रुंद टायरला सूत्र तंतोतंत लागू नाही, पण कल कळतो. हवा कमी असेल तर मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर ताशी १०० ची मर्यादा पाळूनही तुम्ही पाण्यावर असू शकता. नव्या टायरची नक्षी साधारण ७-८ मिमी खोल असते. कायदा १.६ मिमीपर्यंत चालवून घेतो, मी ३ मिमीला बदलतो.

३. आकार : रुंदीचा मोह आवरा

फोक्सवॅगनच्या व्हर्टस जीटीचा मूळ आकार घेऊ : २०५/५५ आर१६. रुंदी २०५ मिमी, साइडवॉलची उंची तिच्या ५५ टक्के, आणि रिम १६ इंची. पुढे ९१व्ही असं काही लिहिलेलं असतं. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो भार, व्ही म्हणजे ताशी २४० किमी. नवा टायर घेताना हे दोन्ही मूळपेक्षा खाली येऊ देऊ नका.

रिम मोठी केली तर साइडवॉल तेवढी कमी करायची, म्हणजे चाकाचा पूर्ण व्यास जवळपास तोच राहतो :

२०५/५५ आर१६ : व्यास ६३२ मिमी, साइडवॉल ११३ मिमी
२२५/४५ आर१७ : व्यास ६३४ मिमी, साइडवॉल १०१ मिमी
२२५/४० आर१८ : व्यास ६३७ मिमी, साइडवॉल ९० मिमी

तिन्हींचा व्यास एक टक्क्याच्या आत आहे, म्हणून स्पीडोमीटर फार खोटं बोलणार नाही. पण शेवटचा आकडा नीट बघा. १६ वरून १८ वर जाताना खड्ड्याचा धक्का झेलणारं रबर २३ मिमीने घटलं. टायरला फुगा येणं आणि रिम वाकणं इथूनच सुरू होतं. पकड हवी आणि रस्ते आपले, तर एक इंचाची वाढ पुरे. खरं सांगायचं तर १६ इंचीवरच चांगलं रबर घातलं तरी बहुतेकांचं समाधान होतं.

रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर, हा समज अर्धाच खरा आहे. एका चाकावर ३५० किलो भार आणि ३२ पीएसआय हवा धरली तर जमिनीला टेकणारा भाग सुमारे १५५ चौरस सेंटिमीटर येतो, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा जरा मोठा. रुंदी वाढवली, हवा तीच ठेवली, की हे क्षेत्रफळ फारसं बदलत नाही, त्याचा आकार बदलतो. लांबट ठसा आडवा होतो. वळणावर त्याचा फायदा मिळतो. पाण्यात मात्र तोच आडवेपणा अंगाशी येतो, कारण पुढ्यातलं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं.

४. आता रिम

रिम घेताना रंगाआधी चार गोष्टी विचारा.

पहिली पीसीडी, म्हणजे बोल्टची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. पोलो आणि व्हर्टसचा ५ गुणिले १०० आहे, म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर पाच बोल्ट. ५ गुणिले ११२ ची रिम ओढूनताणून बसवायची नसते.

दुसरी मधलं भोक. या गाड्यांचा हब, म्हणजे रिमच्या भोकात बसणारा गाडीचा मधला भाग, ५७.१ मिमीचा आहे. बाजारातल्या रिमचं भोक सहसा मोठं असतं, तिथे मधल्या फटीत योग्य मापाची रिंग हवीच. नाहीतर ताशी ८०-९० ला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंगवाल्याच्या नावाने खडे फोडत बसतो.

तिसरी ऑफसेट. रिमवर ईटी ४० असं कोरलेलं असतं. रिमच्या मध्यरेषेपासून बसणारी बाजू किती मिमी बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. ६.५ इंच रुंद ईटी ४० ची रिम काढून ७.५ इंच ईटी ३५ ची घातली, तर बाहेरची कड १७.७ मिमीने बाहेर येते आणि आतली ७.७ मिमीने शॉकॲब्सॉर्बरकडे सरकते. चाक मडगार्डच्या बाहेर डोकावलं तर पोलिसाचा त्रास वेगळा, बेअरिंगवरचा ताण वेगळा. रुंदीचंही ऐका : २०५/५५ आर१६ ला ५.५ ते ७.५ इंच रिम चालते, २२५/४५ आर१७ ला ७ ते ८.५.

चौथी गोष्ट कोणी विचारत नाही : बोल्टचं बूड. फोक्सवॅगन-स्कोडाच्या मूळ रिमला गोल बुडाचा बोल्ट लागतो, बाहेरच्या बहुतेक अलॉयला निमुळता. एका दुकानाने माझ्या नव्या रिमला जुनेच बोल्ट आवळून दिले होते. हाताला घट्ट लागले. बूड मात्र कडेवर दोन ठिकाणीच टेकत होतं, आणि दोनशे किलोमीटरवर चाक कुरकुरायला लागल्यावर ते कळलं. तेव्हापासून बोल्ट हातात घेऊन रिमच्या खाचेत ठेवून बघतो, मगच चढवू देतो.

वजनही विचारा. खड्ड्यावरून उसळलेलं हलकं चाक लवकर रस्त्यावर परत येतं, आणि हवेत असलेल्या टायरला पकड नसते. शक्य असेल तर रिम दुकानातल्या काट्यावर ठेवा. मूळ रिमपेक्षा जड भरली तर घेऊ नका. जेडब्ल्यूएलची खूण बघा, ते अलॉय चाकांचं जपानी मानक आहे.

५. पुढे-मागे वेगळे टायर असतील तर

बीएमडब्ल्यू एम३४०आयला १९ इंची संचात पुढे २२५/४० आणि मागे २५५/३५ टायर येतात. रुंदीत ३० मिमीचा फरक, पण व्यास काढून बघा : ६६२.६ आणि ६६१.१ मिमी. हा योगायोग नाही. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचा-मागचा व्यास जुळला नाही तर मधली यंत्रणा सतत झगडत राहते. म्हणून अशा गाडीत एकच टायर बदलायचा बेत करू नका आणि मनाने आकार ठरवू नका. टायरवर बीएमडब्ल्यूसाठी तारा, पोर्शेसाठी एन० किंवा एन१ अशी खूण असते. तो टायर त्या गाडीसाठी जुळवून घेतलेला आहे असं समजा आणि जमेल तिथे तोच घ्या.

दोनच टायर परवडत असतील तर नवे मागे घाला, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्यात नाक घसरलं तर पाय उचलून सावरता येतं. शेपूट सुटली तर बहुतेकांना नाही सावरता येत. अर्थात, पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतील तर हा अदलाबदलीचा मार्गच नाही.

६. चढवताना दुकानात उभे राहा

बाण असलेला टायर बाणाच्या दिशेनेच फिरला पाहिजे. 'बाहेरची बाजू' असं लिहिलेला टायर उलटा बसलेला मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलाय. नवा टायर म्हणून हाती आलेल्या चारही टायरचे आठवडे वाचा. बोल्ट आडवे-तिडवे, समोरासमोर आवळायचे, आणि शेवटची आवळणी टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने. हवेच्या गनने शेवटपर्यंत कुटू देऊ नका. फोक्सवॅगनच्या बोल्टला १२० न्यूटन-मीटर लागतात. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. मग बॅलन्सिंग, अलाइनमेंट, आणि डॅशबोर्डवर हवेच्या दाबाचा इशारा देणारी सोय असेल तर ती रीसेट. बदल विमा कंपनीला लेखी कळवा.

नव्या रबरावर साच्यातून निघताना लागलेला गुळगुळीत थर असतो, म्हणून पहिले तीनेकशे किलोमीटर घाट आणि जोराचे ब्रेक दोन्ही टाळा. आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर, चाकं थंड असताना, टॉर्क रेंच पुन्हा एकदा प्रत्येक बोल्टवर लावा.