अनेक महाविद्यालयांनी मिळून वैद्यकीय शिक्षणविषयक संशोधन कसे करावे

अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित (विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता यायला हवे यावर आधारलेल्या) एमबीबीएस अभ्यासक्रमातील एखादी अध्यापनपद्धती एकत्रितपणे अभ्यासायची असेल, तर प्रश्नावलीआधी संशोधनप्रश्न सर्वांच्या संमतीने एका वाक्यात लिहावा.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधन नैतिक आहे का हे तपासणाऱ्या एका मुख्य नीतिमत्ता समितीकडून सर्व महाविद्यालयांसाठी सामाईक परीक्षण करून घेता येते. मात्र स्थानिक समित्यांना सुरुवातीपासून विश्वासात घ्यावे. स्वतःच्या शिक्षकाला नकार देताना विद्यार्थी कचरतो, म्हणून संमती त्याला न शिकवणाऱ्या व्यक्तीनेच घ्यावी. या बाबतीत तडजोड करू नये, असे माझे ठाम मत आहे.

नमुनासंख्या ठरवताना सांख्यिकीतज्ज्ञ सोबत हवा. एकाच महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची उत्तरे परस्परांशी जुळतात. प्रत्येकी ५० प्रमाणे १५० विद्यार्थी घेतले आणि गटांतर्गत सहसंबंध (एकाच महाविद्यालयातील उत्तरे किती जुळतात याचे माप) ०.०५ असला, तर रचना-परिणाम (या जुळण्यामुळे नमुना किती पट मोठा लागतो तो आकडा) ३.४५ येतो, म्हणजेच त्या १५० जणांची माहिती सुमारे ४३ स्वतंत्र विद्यार्थ्यांइतकीच भरते.

प्रत्यक्ष बैठका पावसाळ्याआधी उरकाव्यात, कारण जुलैत दरडींमुळे कोकणातले रस्ते आणि रेल्वे दोन्ही खोळंबतात. लेखकांचा क्रम आणि माहितीसाठ्याची जबाबदारी पहिल्याच बैठकीत लेखी ठरवावी.