पहिल्या क्विल्टिंग रिट्रीटला निघताना: कापणं घरी, शिवणं तिकडे

आम्ही न्यू जर्सीत राहतो. क्विल्टिंग म्हणजे आपल्या गोधडीसारखंच, कापडाचे तुकडे जोडून पांघरूण शिवणं. इथल्या क्विल्टिंग गिल्डची (शिवणाऱ्यांच्या मंडळाची) रिट्रीट, म्हणजे दोन-तीन दिवस एकत्र राहून शिवायचं शिबिर, जाहीर झाली की ओळखीतली कुणीतरी विचारतेच, "ताई, बरोबर काय काय घेऊ?" मी आधी विचारते, "कापड कापून झालंय का?" सामानाची यादी सोपी असते. खरी तयारी निघण्याच्या आदल्या आठवड्यात कटिंग मॅटवर होते.

साधारण शुक्रवारी दुपारी पोचायचं आणि रविवारी दुपारी निघायचं. एखादं भाड्याचं मोठं घर किंवा चर्चचं कॅम्प सेंटर असतं. एका मोठ्या खोलीत प्रत्येकीला एक टेबल मिळतं आणि मशीन आपलं आपण न्यायचं. बहुतेक ठिकाणी जेवण तयार मिळतं, म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त शिवायचं. घरच्या बाईला असा सलग वेळ वर्षभरात कधी मिळतो? तो पट्ट्या कापण्यात घालवू नये, असं माझं ठाम मत आहे. शिवाय तिथे कापायचं टेबल सगळ्यांत मिळून एक-दोनच असतात आणि गप्पांच्या नादात माप चुकायला वेळ लागत नाही.

पहिल्या खेपेला एकच काम न्या, आणि तेही सोपं. मी नाइन पॅच सुचवते, म्हणजे तीन बाय तीन अशा नऊ छोट्या चौकोनांचा एक मोठा चौकोन. सोफ्यावर पांघरायला ४८ बाय ६० इंचांचं क्विल्ट धरू. त्यात ६ इंचांचे ८० चौकोन बसतात: ४० नाइन पॅचचे, ४० साध्या कापडाचे, एकाआड एक. गडद आणि फिकं कापड प्रत्येकी १ यार्ड, साध्या चौकोनांसाठी दीड यार्ड. कापडाच्या पूर्ण पन्ह्याच्या, अडीच इंच रुंद अशा गडदच्या १३ पट्ट्या आणि फिक्याच्या ११ पट्ट्या घरीच कापा. साधे चौकोन साडेसहा इंचांचे कापा, म्हणजे शिवून झाल्यावर ते सहाचे होतात.

तिथे गेल्यावर तीन-तीन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून लांब कडांनी जोडायच्या. गडद-फिकी-गडद असे ५ संच, फिकी-गडद-फिकी असे ३. मग प्रत्येक संचाचे अडीच इंची आडवे तुकडे करायचे. एका संचातून १६ निघतात. पहिल्या प्रकारचे दोन आणि मधे दुसऱ्या प्रकारचा एक जोडला की नाइन पॅचचा एक चौकोन, म्हणजे ब्लॉक, तयार. कापायचं एवढंच काम तिथे उरतं.

एक ब्लॉक मात्र घरी पूर्ण शिवून बघा. क्विल्टिंगमध्ये शिवण पाव इंचाची धरतात आणि प्रत्येक मशीनचा पाव इंच थोडा वेगळा असतो. तीन पट्ट्या जोडून इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर २ इंच भरली पाहिजे आणि तिन्ही मिळून साडेसहा. शिवण १/१६ इंच जरी जास्त आत गेली तरी दोन्ही बाजूंचं कापड खाल्लं जातं, आणि दोन शिवणींत ब्लॉक पाव इंचानं लहान होतो. मग तो साध्या चौकोनाला जुळत नाही आणि ओढूनताणून जोडावा लागतो. मधली पट्टी २ इंच आली की मशीनच्या पाट्यावर कापडाची कड जिथे येते त्या रेषेशी मास्किंग टेपची पट्टी चिकटवून टाका. हा नमुन्याचा ब्लॉक बरोबर न्यायचा. रात्री दहानंतर डोकं चालेनासं झालं की तोच समोर ठेवून शिवता येतं.

कापलेले तुकडे झिपच्या पिशव्यांत भरा: गडद, फिकं, साधं. वर मार्करनं माप लिहा. पिशवीतली हवा काढून सपाट ठेवा, नाहीतर पट्ट्यांना घड्या पडतात.

आता मशीन. निघायच्या आठवडाभर आधी उघडून कापसाचा कचरा ब्रशनं काढा, तुमच्या मशीनला तेल लागत असेल तर द्या, नवी सुई लावा. सुती कापडाला ८०/१२ नंबरची सुई चांगली. सात-आठ तास शिवलं की ती बोथट होते, म्हणून पाकीटच बरोबर असू द्या. बॉबिन घरीच भरून न्या, आठ-दहा तरी. ५० नंबरचा करडा सुती दोरा घेतलात तर गडद-फिक्या दोन्ही कापडांत मिसळून जातो आणि रंग बदलत बसावं लागत नाही. गाडीत मशीन डिकीत आडवं टाकू नका. सीटवर उभं ठेवून पट्टा लावा, दाबपट्टीखाली कापडाचा तुकडा ठेवून ती खाली करा. हिवाळ्यात रात्रभर गाडीत मशीन सोडू नये. तेल घट्ट होतं आणि उबदार खोलीत आणल्यावर आत दव धरतं. काहीजणी खास प्रवासासाठी जुनं सिंगर फेदरवेट २२१ बाळगतात. १९३३ साली आलेलं ते मशीन जेमतेम ५ किलोचं आहे आणि सरळ टीप सुरेख घालतं.

मशीन आठवणीनं घेतलं जातं, पण पायाचं पेडल आणि वायर घरी राहते. दोन्ही एका पिशवीत घालून ती पिशवी मशीनच्या दांडीलाच बांधा. एक्स्टेंशन बोर्ड लागतोच. इस्त्री मात्र विचारल्याशिवाय नेऊ नका. इथली साधी वीजलाइन १५ अँपिअरची, म्हणजे सुमारे १८०० वॉटची असते, आणि एकटी इस्त्रीच १५०० च्या आसपास खाते. त्याच लाइनवर दुसरी लावली की फ्यूज उडतो आणि सगळ्यांची मशीनं एकदम बंद. म्हणून इस्त्रीची जागा आयोजकांनी ठरवलेलीच वापरायची.

बाकी अवजारं थोडीच: ४५ मिलिमीटरचं रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचं) आणि एक जादा पातं, ६ बाय २४ इंची पट्टी, लहान कात्री, टाचण्या, शिवण उसवायचं सीम रिपर, छोटी मॅट. प्रत्येकावर नावाची चिकटपट्टी लावा, कारण वीस टेबलांवर वीस पिवळी कटर असतात. विमानानं जाणार असाल तर कटर आणि पाती चेक-इनच्या बॅगेत. ब्लॉक मांडून बघायला फ्लॅनेलच्या अस्तराचा प्लास्टिक टेबलक्लॉथ न्या. अस्तराची बाजू बाहेर करून भिंतीला टेपनं लावला की सुती तुकडे टाचणीशिवाय चिकटून राहतात. उशी आणि टेबललॅम्प यांना जागा ठेवा. घडीच्या खुर्च्यांवर दुसऱ्या दिवशी कंबर धरते, आणि कॅम्पच्या खोल्यांत उजेड छतावरून येतो, नेमका सुईवर सावली पाडतो.

खाऊच्या टेबलावर प्रत्येकीनं काहीतरी ठेवायची पद्धत आहे. आपल्याला पहिला चिवडाच आठवतो, पण तो नको. चिवड्यातली हळद बोटांवरून पांढऱ्या कापडावर गेली की निघत नाही. शंकरपाळी न्या, शेजारी ओले टिश्यू ठेवा. डबा रिकामाच परत येतो.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. जुन्या सुती साडीची गोधडी बरोबर घ्या, अगदी तान्ह्या बाळाच्या दुपट्याएवढी असली तरी चालेल. साडी आधी धुऊन रंग जातो का ते बघा, थर एकमेकांवर पसरून मोठ्या टाक्यांनी घरीच टाचून ठेवा. रात्री मशीनचा कंटाळा आला की काठापासून आत आत धावदोरा घालत बसायचं. इथल्या बायका हातशिलाईला फार मान देतात. शेजारी येऊन बसतील, टाका बघतील, सुई मागतील. म्हणून दोन-तीन लांब सुया आणि जाड दोऱ्याचं रीळ जास्तीचं असू द्या. आपल्या आज्या दुपारी ओट्यावर हेच करत बसायच्या. हे काम तिथल्या कुठल्याही क्विल्टच्या तोडीचं आहे, संकोच करायचं कारण नाही.

कपडे दोन जोड पुरे, दोऱ्याचे तुकडे चिकटणार नाहीत असे. घरात घालायच्या चपला विसरू नका, जमिनीवर टाचण्या पडलेल्या असतात.

सगळं भरून झालं की टेबलावर एकदा मांडून मोबाईलवर फोटो काढा. रविवारी आवरताना तोच फोटो उघडायचा आणि एकेक वस्तू बघत बॅगेत टाकायची. शेवटी टेबलाखाली वाकून बघा, पेडल तिथेच असतं.