दात आवळले की वही उघडा

वडिलांच्या सायकलची घंटी वाजली की आमचं घर चिडीचूप. रडलं तर फटका ठरलेला. आज मी ४६ वर्षांची, पण यांनी ताट जरा आपटलं तरी माझे दात आवळतात, मग दोन दिवस अबोला. बिचाऱ्यांना कारणच कळायचं नाही.

आधी जबड्याला हात लावून बघा, घट्ट आहे का. मग वही घ्या. १९८६मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं मनातला सल लिहायला लावला. पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात! फारच भरून आलं तर थांबा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६वर फोन लावा, मराठीत बोलता येतं.

चौथ्या दिवशी मी यांना एवढंच म्हटलं, "अहो, ताट हळू ठेवत जा. घंटी आठवते."