अर्ध्या अल्बमवर ड्रमर बदलला तर रेकॉर्डिंग कसं पुढे न्यायचं

जॅझ रॉकमधला सोलो ड्रमशी बोलत घडतो. त्यामुळे जुने ड्रम काढून नव्या ड्रमरचे बसवले की गाणं फसतं. सॅक्सोफोन ज्या रोलला उत्तर देत होता, तो रोलच तिथे उरत नाही.

म्हणून आधी गाणी वेगळी करा. ज्यांचे ड्रम, बास आणि सोलो झालेत, ती जुन्या ड्रमरच्या नावानिशी तशीच ठेवा. सॉफ्ट मशीन या ब्रिटिश जॅझ रॉक बँडच्या १९७२ च्या ‘फिफ्थ’ अल्बममध्ये पहिल्या बाजूला फिल हॉवर्ड वाजवतो, दुसऱ्या बाजूला जॉन मार्शल. यात कमीपणा नाही. टेक (झालेलं रेकॉर्डिंग) वापरायची लेखी संमती मात्र जुना ड्रमर असतानाच घ्या.

उरलेल्या गाण्यांत ड्रम आणि बास एकत्रच, एकमेकांना दिसतील असे बसवून पुन्हा घ्या. बासचा डीआय ट्रॅक (अँपशिवाय थेट तारेतून घेतलेला आवाज) वेगळा ठेवा, अँपचा आवाज नंतर बदलता येतो. जुना कीबोर्ड फक्त हेडफोनमध्ये, गाइड म्हणून. सोलो सगळ्यांत शेवटी, नव्या ड्रमवर.

सात-आठच्या (७/८) तालाला क्लिक, म्हणजे हेडफोनमधली मेट्रोनोमची टिकटिक, सातपैकी प्रत्येक मात्रेवर द्या आणि २+२+३ अशी वजनं ठेवा. नुसत्या पहिल्या मात्रेवर क्लिक दिली तर नवा माणूस तिसऱ्या गटात घाई करतो.

एकाच गाण्यात जुने आणि नवे ड्रम जोडू नका. झांजा वेगळ्या असतात, जोड लगेच ऐकू येतो. त्याच ड्रमरची चूक दुरुस्त करतानाही दोन आवर्तनं आधीपासून वाजवायला सांगा आणि वाटेतली क्रॅश (मोठी झांज) पुन्हा मारायला लावा. नाहीतर तिचा विरत जाणारा नाद जोडावर कचकन तुटतो.

नवा सेट लागला की ओव्हरहेडची (ड्रमच्या वर टांगलेल्या दोन माइकची) अंतरं दोरीने मोजा: स्नेअर या मुख्य, करकरीत आवाजाच्या ड्रमच्या मध्यापासून दोन्ही माइक सारखे लांब हवेत. एक १७ सेंटिमीटर मागे गेला तर आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि मोनोत (दोन्ही माइक एकत्र मिसळल्यावर) १ किलोहर्ट्झच्या आसपास स्नेअर पोकळ होतो. हे मिक्समध्ये ईक्यूने (स्वरपट्टे कमीजास्त करून) भरून निघत नाही.

नवा बासवादक असेल तर जुन्या इलेक्ट्रिक पियानोचा ‘ए’ (सूर मिळवायचा संदर्भ स्वर) ट्यूनरवर आधी तपासा. तो ४४२ हर्ट्झला असला आणि बास ४४० ला लावला, तर सगळं बरोबर वाजूनही गाणं बेसूर लागतं. अशा वेळी ट्यूनर ४४२ वर ठेवून बास पियानोला मिळवा.