डबा तसाच घरी जातोय? वर्गशिक्षकांनी काय करायचं

मधल्या सुट्टीत डबा उघडायचा, भाजी-पोळी मैत्रिणींना वाटून टाकायची आणि 'मी सकाळीच खाऊन आलेय' म्हणायचं, हे रोजचंच व्हायला लागलं की मुलगी वजनाच्या धास्तीने मुद्दाम उपाशी तर राहत नाही ना, याकडे वर्गशिक्षकाने लक्ष ठेवायला हवं. सोबत प्रार्थनेला चक्कर येणं, गरमीतही स्वेटर, खाल्लं की लगेच बाथरूमला पळणं, असं काही दिसतं का बघा. आणि प्लीज फक्त बारीक मुलींकडे बघू नका, अंगाने भरलेली पोरगीही उपाशी राहत असते, पण तिचं वजन उतरलं की सगळे कौतुकच करतात म्हणून तिचा त्रास कळतच नाही. नववी-दहावीतली मुलंपण आहेत यात, बॉडी बनवायची म्हणून भात-पोळी बंद आणि नुसती प्रोटीन पावडर. उपवासांचंही बघा, घरात कोणी करत नाही आणि ही आठवड्यातून तीन वार धरते, तर तिच्या श्रद्धेची चेष्टा न करता घरी हळूच विचारायचं.

बोलायचं ते एकटीशी, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर अजिबात नाही. वजनाचा, डब्याचा विषय आधी काढूच नका. 'हल्ली गप्प गप्प असतेस, दमलेली दिसतेस, काही त्रास होतोय का गं?' एवढं पुरतं. 'काही नाही मॅडम' हेच उत्तर येईल बहुतेक, येऊ दे, 'बरं, बोलावंसं वाटलं की ये' म्हणायचं आणि चार दिवसांनी परत विचारायचं. समोर बसवून डबा संपवायला लावू नका. 'तू कुठे जाडी आहेस!' हेही नको, त्याने बोलणं परत शरीरावरच येतं. 'कोणाला सांगणार नाही' असा शब्दपण देऊ नका, कारण घरी सांगावं लागणारच.

आईला बोलवाल तेव्हा 'मुलगी जेवत नाही तुमची' असं म्हटलं की तिला तो स्वतःवरचा ठपका वाटतो, त्यापेक्षा तुम्ही काय पाहिलं तेवढंच सांगा. वजन झपाट्याने उतरतंय, पाळी थांबलीय, चक्कर येतेय, तर वाट बघायची नाही, डॉक्टरकडे पाठवायचं, आणि सोबत समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञही लागतात. कुठे जायचं कळत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर द्या, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आजाराचं नाव ठरवणं आपलं काम नाही, ते डॉक्टर बघतील.

आपल्या हातात खरं तर वर्ग आहे. वजन-उंचीची नोंद करताना आकडा मोठ्याने ओरडून रजिस्टरवाल्याला सांगतात ना, ते आधी बंद करा, एकेकाला आत बोलवा आणि गुपचूप लिहा. जाडी, हत्ती, काडी पहिलवान ही नावं मुलं घेतात तशी आपणही लाडाने घेतो, ती आपल्या तोंडून आधी जायला हवीत. 'काय खाल्लं ते लिहून आणा, कॅलरी मोजा' असले प्रोजेक्ट देऊ नका. आणि गॅदरिंगच्या डान्सला बारीक मुली पुढे, बाकीच्या मागे असं उभं करू नका, ज्याला स्टेप्स येतात तो पुढे.